स्मार्टफोनवरील खातेप्रवेश व जोडणी यांतील दोष : स्वरूप, निदान आणि उपाय
(ढाणकी परिसरातील शेतीविषयक नोंदींच्या संदर्भात)

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे पैनगंगेच्या खोऱ्यातील गाव. आज तेथे नगरपंचायत असली, तरी गावाचे व भोवतालच्या खेड्यांचे जीवन मुख्यत्वे शेतीवरच अवलंबून आहे. या शेतीचा लेखी व्यवहार पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात चालत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू झाली, आणि आपल्या शेतात कोणते पीक उभे आहे याची नोंद शेतकऱ्याने स्वतःच्या स्मार्टफोनवरून, पिकाच्या छायाचित्रासह करावी, अशी व्यवस्था आली. पुढे २०२५-२६ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ या ॲपवर आधारकार्डाच्या साहाय्याने नोंदणी करणे भारतीय कापूस महामंडळाने आवश्यक केले. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता.

या दोन गोष्टी परस्परांशी निगडित आहेत. पिकाची नोंद सातबाऱ्यावर येते. त्या उताऱ्याच्या आधारे विक्रीची नोंदणी होते. आणि नोंदणी झाली असेल तरच हमीभावाने खरेदी होते. म्हणून ‘प्रवेश अयशस्वी’ किंवा ‘सर्व्हरशी जोडणी होऊ शकली नाही’ एवढे एक वाक्य फोनच्या पडद्यावर उमटले, आणि ते मुदत संपेपर्यंत हटले नाही, तर हंगामाच्या उत्पन्नावर त्याचा परिणाम होऊ शकतो. असे असूनही या दोषांकडे सामान्यतः दैवाचा खेळ म्हणून पाहिले जाते. कोणी फोन बंद करून चालू करतो, कोणी ॲप काढून पुन्हा घालतो, कोणी चिडून वीस वेळा तेच बटण दाबतो. वस्तुतः हे दोष मोजके असून प्रत्येकाचे लक्षण निराळे आहे. दोष कोणत्या ठिकाणी आहे हे ठरविल्यावाचून केलेला उपाय बहुधा निष्फळ ठरतो, आणि क्वचित मूळ दोषापेक्षा अधिक हानी करतो. त्या निदानाची रीत स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. जोडणी आणि ओळख यांतील भेद

स्मार्टफोनवरून एखाद्या खात्यात प्रवेश करणे ही दिसावयास एक क्रिया असली, तरी तिच्यात दोन स्वतंत्र क्रिया सामावलेल्या असतात. पहिली, फोनने पाठविलेला निरोप दूरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचणे व त्याचे उत्तर परत येणे. हिला जोडणी म्हणावे. दुसरी, निरोप पाठविणारी व्यक्ती खरोखर खातेदारच आहे याची सर्व्हरने खात्री करून घेणे. ही ओळख होय.

हा भेद नित्याच्या व्यवहारातील उदाहरणाने सहज ध्यानात येईल. बँकेतून पैसे काढण्यासाठी निघालेला मनुष्य दोन कारणांनी रिकाम्या हाताने परत येऊ शकतो : वाटेवरच्या नाल्याला पूर आला म्हणून, अथवा बँकेत सही जुळली नाही म्हणून. पहिल्या प्रसंगी सही घोटविण्यात अर्थ नाही. दुसऱ्या प्रसंगी पूर ओसरण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. स्मार्टफोनच्या बाबतीत नेमकी हीच गल्लत होते. रेंज नसताना पासवर्ड बदलला जातो, आणि पासवर्ड चुकलेला असताना रेंजच्या शोधात गच्चीवर जाणे घडते.

ओळख पटविण्याची पासवर्ड ही रीत संगणकाच्या इतिहासात बरीच जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ साली फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली एकाच संगणकावर अनेकांनी आळीपाळीने काम करण्याची व्यवस्था प्रथम दाखविण्यात आली. प्रत्येकाचे टिपण निराळे राहावे म्हणून त्या व्यवस्थेत पासवर्डाची योजना झाली. पुढे १९६६ च्या सुमारास एका चुकीमुळे सर्वांचे पासवर्ड प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला दिसले. केवळ एका गुप्त शब्दावर विसंबणे धोक्याचे आहे, ही जाणीव अशा प्रसंगांतून दृढ होत गेली. आणि आज पासवर्डाच्या जोडीला, अथवा त्याच्या जागी, एकदाच वापरावयाचा अंक म्हणजे ओटीपी मागण्यात येतो. तात्पर्य, ओळखीची साधने वाढली, तशी दोषाची ठिकाणेही वाढली.

२. जोडणीचे दोष

फोनपासून सर्व्हरपर्यंतच्या मार्गात चार टप्पे कल्पिता येतात.

पहिला टप्पा फोन व मनोरा यांच्यामधला. येथील दोष सर्वपरिचित आहे : रेंजच्या रेषा कमी होतात किंवा नाहीशा होतात. विमान-मोड क्षणभर चालू करून बंद केल्यास फोन मनोऱ्याशी नव्याने संधान बांधतो, आणि पुष्कळदा एवढेच पुरते. ज्या फोनमध्ये दोन सिमकार्डे आहेत त्यात डेटा कोणत्या कार्डावरून घेतला जात आहे, हेही पाहणे अगत्याचे असते. रिचार्ज एका कार्डाचा आणि डेटा दुसऱ्यावर निवडलेला, असा प्रकार विरळ नाही.

दुसरा टप्पा डेटाच्या मर्यादेचा. रेषा पूर्ण असूनही काहीच उघडत नसेल, तर दिवसाचा कोटा संपला असण्याचा संभव मोठा असतो. आपल्याकडील अनेक योजनांत रोजचा डेटा संपल्यावर जोडणी तुटत नाही. तिचा वेग सेकंदाला ६४ किलोबिट इतका उतरतो. एवढ्या वेगात साधा संदेश कसाबसा जातो, पण पिकाचे छायाचित्र जाता जात नाही, आणि ‘वेळ संपली’ असा संदेश येतो. हा दोष ॲपचा नव्हे. मध्यरात्रीनंतर कोटा पुन्हा सुरू झाला की तो आपोआप नाहीसा होतो.

तिसरा टप्पा नाव व पत्ता यांच्या जुळणीचा. मनुष्य संकेतस्थळाचे नाव लिहितो. यंत्राला मात्र अंकांचा पत्ता लागतो. नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस नावाची व्यवस्था १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी योजिली. ही जुळणी बिघडली की एक संकेतस्थळ उघडते, दुसरे उघडत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ‘खासगी डीएनएस’ म्हणून कोणी काही भरून ठेवले असेल, किंवा व्हीपीएन चालू असेल, तर तो प्रथम बंद करून पाहावा.

चौथा टप्पा प्रत्यक्ष सर्व्हरचा. येथील दोष वापरणाऱ्याच्या हातचा नसतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतीय वेळेनुसार रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम ही तिन्ही सुमारे सहा तास जगभर बंद पडली. कंपनीच्या अंतर्गत दुरुस्तीच्या कामात झालेल्या चुकीमुळे तिच्या सर्व्हरांकडे जाण्याचे मार्गच इंटरनेटच्या नकाशावरून पुसले गेले होते. फोन, सिमकार्ड, पासवर्ड या सर्व गोष्टी त्या रात्री निर्दोष होत्या. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत शासकीय ॲपवर जी कोंडी होते, तिचे कारण निराळे असले तरी प्रकार हाच : असंख्य माणसे एकाच वेळी एकाच दारावर येतात. अशा वेळी पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करणे हा खरा उपाय. पुनःपुन्हा बटण दाबल्याने कोंडीत भरच पडते.

३. ओळखीचे दोष

जोडणी शाबूत असून प्रवेश नाकारला जात असेल, तर दोष ओळखीत शोधावा. त्याचेही मुख्यतः चार प्रकार संभवतात.

(अ) लेखनाचा दोष. फोनवरील कळफलक पहिले रोमन अक्षर आपोआप मोठे करतो, शब्दानंतर मोकळी जागा सोडतो. पासवर्डाला या दोन्ही गोष्टी खपत नाहीत. मराठी वापरणाऱ्यास आणखी एक अडचण येते. कळफलक मराठीवर असला की ‘१२३४’ असे देवनागरी अंक उमटतात. वाचणाऱ्याला ते बरोबर दिसतात, परंतु अनेक ॲपांना केवळ रोमन अंकच समजतात; म्हणून बरोबर मोबाईल क्रमांकही ‘अवैध’ ठरतो. ‘ई-पीक पाहणी’च्या पहिल्या आवृत्तीत चार अंकी सांकेतांक भरावा लागे, अशा ठिकाणी कळफलकाची भाषा पाहणे हा पहिला उपाय होय.

(आ) ओटीपी न येणे. ओटीपी एसएमएसने येतो, आणि त्यासाठी डेटा लागत नाही. म्हणून ओटीपी आला याचा अर्थ इंटरनेट चालू आहे असा होत नाही. तद्वतच, इंटरनेट चालू असूनही ओटीपी न येणे शक्य आहे. त्याचे सर्वांत सामान्य कारण असे, की खात्याशी जोडलेला क्रमांक आता खातेदाराच्या हातात नसतो. अर्ज भरताना मुलाचा, शेजाऱ्याचा किंवा केंद्रचालकाचा क्रमांक दिला गेलेला असतो. अथवा रिचार्ज न केल्याने जुना क्रमांक बंद पडलेला असतो. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस दुसऱ्यास दिला जात नाही, त्यानंतर तो नव्या ग्राहकाकडे जाऊ शकतो. अशा स्थितीत ओटीपी परक्या माणसाच्या फोनवर जातो, हे अडचणीचे तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे. हरवलेल्या सिमकार्डाऐवजी नवे घेतल्यास पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याची सूचना दूरसंचार विभागाने २०२२ साली कंपन्यांना दिली. खात्यातून चोरी होऊ नये हा त्यामागील उद्देश. तेव्हा नवे कार्ड घातल्याच्या दिवशी ओटीपी न आल्यास तो बिघाड समजू नये.

दोष कधी मधल्या व्यवस्थेतही असतो. ८ मार्च २०२१ रोजी व्यापारी एसएमएस नोंदलेल्या नमुन्याशी ताडून पाहण्याचा नियम अमलात आला, आणि देशभर बँकांचे व इतर सेवांचे ओटीपी अडकले. दुसऱ्याच दिवशी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने तो नियम सात दिवसांपुरता स्थगित केला.

ओटीपी उशिरा येतो तेव्हा आणखी एक चूक घडते. अधीर होऊन तीन वेळा मागणी केली जाते, आणि प्रथम आलेला अंक भरला जातो. बहुतेक व्यवस्थांत शेवटची मागणीच ग्राह्य असते व आधीचे अंक रद्द होतात. एकदा मागणी करून थांबणे अधिक श्रेयस्कर.

(इ) घड्याळाचा दोष. फोनची तारीख चुकलेली असेल तर प्रवेश का अडावा, हे प्रथमदर्शनी समजत नाही. सुरक्षित जोडणीत सर्व्हर आपल्या खरेपणाचे प्रमाणपत्र दाखवितो, आणि त्या प्रमाणपत्राला आरंभाची व समाप्तीची तारीख असते. फोनचे घड्याळ मागे पडले असेल तर प्रमाणपत्र ‘अद्याप सुरू झालेले नाही’, आणि पुढे गेले असेल तर ‘मुदत संपलेले’ वाटते. फोन ती जोडणी तोडतो. फार जुन्या फोनमध्ये घड्याळ बरोबर असूनही हाच अनुभव येतो, कारण प्रमाणपत्रे देणाऱ्या नव्या संस्थांची नावे त्याच्या यादीत नसतात. तारीख व वेळ ‘नेटवर्कप्रमाणे आपोआप’ ठेवणे हा पहिल्या दोषावरचा उपाय. दुसऱ्यावर अद्ययावत आवृत्तीखेरीज, आणि ती मिळत नसल्यास दुसऱ्या फोनखेरीज, इलाज नाही.

(ई) नोंदींतील तफावत. आधारकार्डावर एक नाव, सातबाऱ्यावर त्याच नावाचे दुसरे रूप, आणि बँकेत तिसरे, असे असल्यास यंत्र ती तीन माणसे समजते. वडिलांच्या नावावरील जमीन वारसांच्या नावे न झाल्यासही असेच घडते. पडद्यावर हा दोष इतर दोषांसारखाच दिसत असला, तरी त्याची दुरुस्ती फोनमध्ये होत नाही. ती तलाठी कार्यालयात किंवा आधार केंद्रातच होऊ शकते, आणि तिला वेळ लागतो. म्हणून हा दोष मुदतीच्या आधी, हंगामाच्या आरंभीच पाहून ठेवावयास हवा.

४. दोषसंदेशातील आकडे

दोषसंदेशात पुष्कळदा तीन अंकी आकडा असतो, व तो बहुधा दुर्लक्षिला जातो. वस्तुतः निदानाची किल्ली त्यातच असते. ४ ने सुरू होणारे आकडे मागणीत काही उणे असल्याचे सांगतात, आणि ५ ने सुरू होणारे आकडे सर्व्हरकडील दोष दर्शवितात. त्यांतील ४०१ म्हणजे ओळख पटली नाही. ४०३ म्हणजे विनंती समजली, पण परवानगी नाही. ४०४ म्हणजे मागितलेले पान तेथे नाही. ४२९ म्हणजे थोड्या वेळात फार वेळा मागणी झाली. दुसऱ्या गटात ५०० हा सर्व्हरमधील अंतर्गत बिघाड, ५०३ म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही, आणि ५०४ म्हणजे मागल्या सर्व्हरचे उत्तर वेळेत आले नाही.

यावरून व्यवहाराचा एक सोपा नियम हाती येतो. आकडा ४०१ असेल तर पासवर्ड तपासावा. ४२९ असेल तर हात आवरून काही काळ थांबावे. आकडा पाचाचा असेल तर आपल्या फोनला हात लावू नये. आकडाच नसेल आणि केवळ ‘जोडणी नाही’ असे शब्द असतील, तर निरोप बहुधा सर्व्हरपर्यंत गेलेलाच नाही असे समजून दुसऱ्या विभागातील टप्पे क्रमाने तपासावेत.

५. निदानाचा क्रम

निदान करताना दोन तत्त्वे पाळावीत. पहिले, जवळच्या टप्प्यापासून दूरच्या टप्प्याकडे जावे. दुसरे, जो उपाय मागे घेता येतो तो आधी करावा, आणि जो मागे घेता येत नाही तो अगदी शेवटी.

या तत्त्वांनुसार प्रथम पूर्वी न उघडलेले एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. पूर्वी पाहिलेले पान फोनच्या साठ्यातूनच दिसू शकते, त्यामुळे ते पुरावा म्हणून चालत नाही. नवे पान उघडले तर इंटरनेट चालू आहे. मग तेच ॲप शेजारच्या माणसाच्या फोनवर, शक्य तर दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर, चालते काय ते पाहावे. तेथेही बंद असेल तर दोष सर्व्हरकडे असण्याचा संभव अधिक. तेथे चालत असेल तर आपल्या फोनमधील तारीख, कळफलकाची भाषा, डेटा-बचत व व्हीपीएन या गोष्टी पाहाव्यात. ॲपची नवी आवृत्ती आली आहे काय ते तपासावे. यानंतरच पासवर्डाचा विचार करावा.

उपायांची तीव्रता ओळखणे येथे फार महत्त्वाचे ठरते. ॲपची ‘कॅशे’ पुसल्याने केवळ तात्पुरता साठा जातो, ती निरुपद्रवी आहे. ‘डेटा’ किंवा ‘स्टोरेज’ पुसणे, अथवा ॲप काढून टाकणे, यांमुळे मात्र फोनमध्ये साठलेली व अद्याप न पाठविलेली माहिती नष्ट होते. शेतात रेंज नसताना नोंद करून ठेवली आणि घरी येऊन प्रवेश होईना म्हणून ॲपच काढून टाकले, तर छायाचित्रांसह ती मेहनत वाया जाऊ शकते. याहून कठोर उपाय म्हणजे संपूर्ण फोन मूळ स्थितीला आणणे. २०१५ साली आलेल्या ॲण्ड्रॉइड ५.१ पासून अशी सोय आहे, की फोन बाहेरच्या मार्गाने पुसला तरी आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड दिल्यावाचून तो पुन्हा सुरू होत नाही. चोरीला आळा बसावा म्हणून केलेली ही योजना पासवर्ड विसरलेल्या मालकालाही त्याच्याच फोनबाहेर ठेवते. सबब, पासवर्ड आठवत नसताना फोन पुसणे हा उपाय नव्हे.

विसरलेला पासवर्ड परत मिळविण्याचा प्रयत्न नेहमीच्या फोनवरून व नेहमीच्या ठिकाणाहून करावा. गूगलसारख्या सेवा ओळख ठरविताना या गोष्टींचाही विचार करतात. गूगल खात्यासाठी एकेकदाच चालणारे दहा राखीव अंक आधी काढून ठेवता येतात. ते कागदावर लिहून सातबारा, बँकेचे पासबुक यांच्या सोबत जपून ठेवले, तर फोन हरवला तरी खाते हरवत नाही.

६. अडचणीचा फायदा घेणारे

प्रवेश अडलेला मनुष्य घाईत असतो, आणि फसविणाऱ्यांना नेमकी अशीच माणसे हवी असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीचे काम सुरू झाले, तेव्हा ओटीपी न येण्याच्या तक्रारी सर्वत्र झाल्या. ती मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवावी लागली. त्याच काळात खऱ्यासारखी दिसणारी खोटी संकेतस्थळेही निघाली. इंटरनेटवर शोधून मिळालेला ‘मदत क्रमांक’ खरा असेलच असे नाही. फोनवर येऊन ओटीपी विचारणारा, किंवा दुरुस्तीसाठी आपल्या फोनचा पडदा पाहू देणारे ॲप घालावयास सांगणारा, कोणत्याही कार्यालयाचा माणूस नसतो, असे धरून चालावे. आधारविषयक शंकांसाठी १९४७ हा क्रमांक आहे. पैसे गेल्यास विनाविलंब १९३० वर तक्रार नोंदवावी.

७. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. खातेप्रवेशाचा प्रत्येक दोष एक तर मार्गाचा असतो, नाही तर ओळखीचा. आणि त्यांपैकी काही दोष खातेदाराच्या हातचे असतात, काही नसतात. जे हातचे आहेत ते बहुतांशी मुदतीपूर्वी दूर करता येण्याजोगे आहेत : आधारशी स्वतःचा चालू क्रमांक जोडणे, नावांतील तफावत काढणे, पासवर्ड लिहून जपणे, शेवटच्या आठवड्याची वाट न पाहणे. जे हातचे नाहीत त्यांच्यासाठी पुरावा ठेवणे हाच मार्ग. दोषसंदेशाचा पडदा तारीख व वेळ दिसेल अशा रीतीने फोनमध्ये टिपून ठेवल्यास तलाठी कार्यालयात अथवा तालुक्याच्या ठिकाणी उमरखेडला तक्रार देताना तिला आधार मिळतो. अलीकडील हंगामांत शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेली पीक पाहणी सहायकांमार्फत करण्याची तरतूदही होती. स्वतःची नोंद न झालेल्या शेतकऱ्याने ती संधी आहे किंवा कसे, याची वेळीच चौकशी करावी.

पीक नोंदविण्याचे काम तलाठ्याच्या लेखणीतून शेतकऱ्याच्या फोनमध्ये आले, त्याबरोबर त्यातील चुकांचा शोध घेण्याचे कामही त्याच्याकडे आले आहे. ते काम अवघड नाही. परंतु ते कोणी तरी समजावून द्यावयास हवे. ढाणकीसारख्या गावांतील शाळा, ग्रंथालये व सेवा केंद्रे यांनी हंगामाच्या आरंभी एखादा दिवस त्यासाठी दिला, तर मुदतीच्या अखेरीस होणारी पुष्कळशी धावपळ टळू शकेल.